धुवायची आणि काढायची

“सिस्टर, तिला समजावून सांगा आणि नवऱ्याचा अंगठा घ्या. मी तोवर पुढचा पेशंट बघतो.”

एवढं बोलून सर्जनसाहेब हात धुवायला वळले. देवका तपासणीच्या टेबलावरून उतरून लुगडं सारखं करत उभी होती. तिचा नवरा तुळशीराम पडद्यापलीकडे, टोपी हातात घेऊन. देवकाची पिशवी काढायची की नाही, हे पुढच्या दहा मिनिटांत ठरायचं होतं आणि ते ठरवून घ्यायचं काम माझं होतं.

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या भागातल्या बायका गर्भाशय म्हणत नाहीत. साहेब पुण्याचे. ते सांगायचे, “गर्भाशय काढून टाकावं लागेल.” बायका मान डोलवायच्या आणि बाहेर येऊन मला विचारायच्या, “काय म्हनत होते वो साहेब?” शेवटी साहेबांनी वाटणीच करून टाकली. निदान त्यांचं, समजावणं माझं. “तुम्हाला त्यांची भाषा येते,” असं ते म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. मी मूळची देऊळगाव राजाकडची. आमची बोली वेगळी. पण जिल्ह्याच्या उत्तरेला चार वर्षं नोकरी करून मी ‘मले-तुले’ शिकले होते आणि त्याचा मला जरा ताठाच होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली चूक माझी आहे, गावाची नाही. रोजचं काम बघायला एक वयस्क डॉक्टर होते. सर्जनसाहेब बाहेरगावाहून महिन्यातून दोन गुरुवारी यायचे. ऑपरेशनं त्याच दोन दिवशी व्हायची. गुरुवार हुकला की पेशंट पंधरा दिवस लांबला.

देवका अठ्ठावीस वर्षांची होती. जळगाव जामोदच्या खाली, पूर्णा नदीच्या अंगाला त्यांचं गाव. दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. एक आठव्या दिवशी, एक दीड वर्षाचं होऊन. त्यानंतर दिवस राहिले नाहीत. आणि आता आठ महिने झाले, अंगावरून जात होतं. चार दिवस थांबायचं, पंधरा दिवस जायचं. पाळीत बाई बाहेर बसते, चुलीला-पाण्याला शिवत नाही, ही तेव्हाची घराघरातली रीत. देवका आठ महिने जवळजवळ बाहेरच बसून होती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून तुळशीराम स्वतः भाकरी थापायचा. गाव त्याला हसायचं. तो त्याच भाकरी फडक्यात बांधून बायकोला घेऊन आमच्याकडे यायचा.

चार महिन्यांपूर्वी आम्ही तिचं क्युरेटिंग केलं होतं. क्युरेटिंग म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर हत्यारानं खरवडून काढणं. पिशवी जागच्या जागीच राहते. पण ‘खरवडणं’ म्हटलं की बायका पळून जायच्या. म्हणून मी त्याला ‘पिशवी धुणं’ म्हणायला लागले. शब्द माझा. तो इतका सोयीचा निघाला की आयाबायांपासून डॉक्टरांपर्यंत सगळा दवाखाना तोच वापरू लागला. देवकाची पिशवी आम्ही ‘धुतली’, दोन महिने बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं.

आता तपासताना साहेबांच्या हाताला पिशवीत गाठी लागल्या होत्या. मांसाच्या गाठी, कॅन्सरच्या नव्हेत. पण त्यांच्यामुळेच रक्त थांबत नव्हतं. नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येईल का, याचा साहेबांनी विचार केला होता. गाठी एक-दोन असत्या तर जमलं असतं. इथे सगळी पिशवीच गाठींनी भरली होती आणि बाईच्या अंगात रक्त नव्हतं. हिमोग्लोबिन पाच. तिच्या पापणीचं आतलं बोटानं ओढून पाहिलं तर पांढरं फटक. अशा बाईला बाळंतपण सोडाच, एखादी जोराची पाळीसुद्धा घेऊन गेली असती.

मी देवकाला बाकावर बसवलं.

“देवका, मांगच्या वेळी आपन तुही पिशवी धुतली होती. ध्यानात हाय ना?”

“हाव.”

“त्यानं भागलं नाई. आता काढाच लागते.”

 “काढाच लागते?”

“हाव. काढली की रगत बंद. बाहेर बसनं बंद. सैपाकपानी कर, देवाधर्माले जाय.”

“हाव.” मग जरा थांबून, “दुखन का वो?”

“गुंगी देतो ना. तुले समजनारबी नाई.”

तिनं पडद्याकडे तोंड करून नवऱ्याला सांगितलं, “काढाच लागते म्हनते.”

पलीकडून आवाज आला, “मंग काढा ना. बरं झालं म्हंजे झालं.”

मी कागद पुढे केला. तुळशीरामनं डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि धोतराला पुसला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

साहेबांनी विचारलं, “रडली का?”

“नाही सर. धीराची आहे.”

“मूल होणार नाही हे नीट समजलंय ना तिला?”

“समजलंय सर.”

मी ते वाक्य उच्चारलंच नव्हतं. उच्चारायला हवं हे मला माहीत होतं, पण दोन मुलं पुरून आलेल्या बाईच्या तोंडावर ते म्हणायची माझी छाती झाली नाही. मनाची समजूत घातली, की पिशवीच काढल्यावर मूल कुठून होणार, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? दुसरी गोष्ट, ती रडली नाही. निपुत्रिक बाई पिशवी काढायला हो म्हणते आणि डोळ्यांतून टिपूस काढत नाही, हे बघून कुठल्याही शहाण्या नर्सला शंका आली असती. मला उलट हायसं वाटलं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही तिला वॉर्डात ठेवून इंजेक्शनं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्ताच्या दोन बाटल्या जमवल्या. एक तुळशीरामची, एक त्यांच्या गावच्या मास्तरची. मास्तर सुई बघून पांढरे पडले, तरी हात मागे घेतला नाही. देवका खाटेवर बसून शेजारच्या बायकांच्या वेण्या घालायची. सगळ्या वॉर्डात तीच आनंदी होती. मी बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचे.

ऑपरेशनच्या गुरुवारी सकाळी तुळशीराम आला तो खांद्यावर तांब्याची घागर घेऊन. घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची बहीण दिली होती, तिथल्या विहिरीचं पाणी भरून तो आदल्या दिवशी निघाला होता. थोडी वाट छकड्यात, थोडी यष्टीत, थोडी पायी.

आमचा तो पट्टा खारपाणाचा. विहिरीला पाणी असतं, पण खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लग्नकार्य असलं की लोक डोंगराकडून बैलगाडीनं गोडं पाणी आणतात. म्हणून घागर बघून मला नवल वाटलं नाही. बायकोला प्यायला आणलं असेल.

“तुळशीराम, आज तिले पानी नाई बरं. उद्याबी घोट घोटच.”

“पेवाले नाई सिस्टरबाई,” तो म्हणाला. “थे तिनं सांगतलं होतं...”

तेवढ्यात मला थिएटरमधून हाक आली. मी घागर उचलून आतल्या कोपऱ्यात ठेवली आणि कामाला लागले.

थिएटरला लागून एक छोटी खोली होती. तिथं पेशंटची तयारी व्हायची. देवका पाठीवर झोपली होती. मी तिच्या काचेच्या बांगड्यांवरून बँडेज गुंडाळत होते. सवाष्णीच्या बांगड्या उतरवायच्या नाहीत, म्हणून आम्ही त्या बांधून टाकायचो. भुलीआधी द्यायचं अट्रोपिनचं इंजेक्शन भरून ठेवलं होतं. भिंतीपलीकडे साहेब हात घासत होते, ब्रशचा आवाज येत होता.

“सिस्टरबाई, त्याइनं पानी आनलं ना?”

“आनलं.”

“थे घेजा बरं धुवाले. खाऱ्या पान्यानं नोका धुजा. तुमच्या हिरीचं पानी खारं हाय. मी चाखून पाह्यलं.”

मला वाटलं, अंग पुसण्याचं बोलते आहे. “काय धुवाले?”

“पिशवी ना. मांगच्या वेळी तुमी अंदरच्या अंदर धुतली, आन थेबी खाऱ्या पान्यानं. मंग मळ कसा निंघन? आता काढूनच धुनार हा त चांगली धुवा. वाकळ नाई का, घरी नाई निंघाली त नदीवर नेऊन धुवा लागते.” ती हसली. “मंग ठेवजा परत. उलटीपालटी नोका ठेवजा.”

माझ्या हातातलं बँडेज तसंच राहिलं.

ती पुढे बोलतच होती. तिच्या जिवाला किती हलकं वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. “यंदा पोर राह्यलं पाह्यजे वो बाई. त्याइनं लय वाट पाह्यली. लोक म्हनतात दुसरी कर, दुसरी कर. थे म्हनतात, आदी हिची पिशवी साफ होऊ द्या.”

 पंधरा दिवस ही बाई वॉर्डभर हसत फिरत होती ते यासाठी. तिनं काढायला नव्हे, धुवायला हो म्हटलं होतं. नवऱ्यानं अंगठा दिला होता तोही धुण्यासाठी. आणि त्यांचं काय चुकलं? ‘धुणं’ मीच शिकवलं होतं. ‘त्यानं भागलं नाही, आता काढावी लागते’ हे माझेच शब्द. आतल्या आत धुऊन भागलं नाही म्हणून आता बाहेर काढून धुणार, असा त्यांनी सरळ अर्थ लावला.

“सिस्टर, पेशंट तयार?” साहेबांचा आवाज आला.

पुढे मी जे केलं ते घाईगडबडीत झालं, असं म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. मी विचार केला. फार तर पाच-सहा सेकंद, पण केला. आता सांगितलं तर ही टेबलावरून उतरणार. पंधरा दिवसांनी पुन्हा येईलच असं नाही. हिच्या अंगात आज जेवढं रक्त आहे तेवढंही तेव्हा नसेल. मास्तर दुसऱ्यांदा रक्त देणार नाहीत. ती मरेल. आणि नाही सांगितलं तर ती जगेल. जगल्यावर मग सांगता येईल. मेलेल्या बाईला काही समजावता येत नाही.

मी बँडेजची गाठ मारली.

“हाव,” मी म्हटलं. “गोड्याच पान्यानं धुऊ.”

आमच्या डॉक्टरांनी ईथर दिला. तिनं आकडे मोजायच्या ऐवजी कुठल्यातरी देवीचं नाव घेतलं आणि झोपली. ऑपरेशन दीड तास चाललं. पिशवी बाहेर आली तेव्हा साहेबांनी ती ट्रेमध्ये ठेवली आणि मला दाखवली. पाच महिन्यांच्या गर्भाएवढी झाली होती, नुसता गाठींचा गोळा. “सिस्टर, ही बाई वर्ष काढू शकली नसती,” ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला त्या वाक्याचा फार आधार वाटला. पुढे कित्येक दिवस मी तेच वाक्य मनात घोळवत होते.

बाहेर जाण्याआधी मी कोपऱ्यातली घागर उचलली आणि मोरीत रिकामी केली. खारपाणपट्ट्यात गोडं पाणी असं ओतून देणं म्हणजे पाप. पण घागर भरलेली परत गेली असती तर तुळशीरामनं विचारलं असतं.

तो व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मी सांगितलं, सगळं ठीक झालं. त्यानं दोन्ही हात जोडले. मग रिकाम्या घागरीत डोकावून विचारलं, “पुरलं का वो पानी? नाई त अजून आनतो.”

“पुरलं,” मी म्हटलं.

सांगायचं होतं, हे खरं. रोज ठरवायचे. टाके निघाले की सांगू. टाके निघाले. जरा चालायला लागली की सांगू. ती चालायला लागली. गालांवर रंग आला. वॉर्डातल्या बायकांना ती सांगायची, सिस्टरबाईनं पिशवी गोड्या पाण्यानं धुऊन दिली. बायका माझ्याकडे बघायच्या. एक-दोघींना खरं माहीत होतं, त्या गप्प बसल्या. घरी सोडण्याच्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं आणि पदर तोंडाशी नेऊन विचारलं, “त्याइच्या जोड कव्हापासून जाऊ?”

“तीन महिने नाई.”

हा आमचा नेहमीचा सल्ला. आतली जखम भरायला वेळ लागतो म्हणून देतात. सल्ला बरोबर होता. पण ती त्यातून काय समजणार, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पुढे एक शब्द बोलले नाही.

पुढच्या गुरुवारी मी साहेबांना सांगितलं, की पिशवी धुऊन परत ठेवली असं देवका समजते. ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून थांबले.

“तुम्ही समजावलं होतं ना?”

“हो सर.”

“आता कशी आहे?”

“बरी आहे. घरी गेली.”

“जगली ना? मग झालं. फॉलोअपला येईल तेव्हा सांगून टाका.” आणि पुढच्या पेशंटचा केसपेपर मागितला.

दीड महिन्यानं तिनं दाखवायला यायचं होतं. आली नाही. बरं वाटायला लागल्यावर कोण येतो? मी तिच्या गावी जाऊ शकत होते. यष्टीनं जळगाव जामोद, पुढे पायी. एक रजा टाकावी लागली असती. मी ती टाकली नाही. पत्र लिहावं म्हटलं तर ते वाचून दाखवणार मास्तर, म्हणजे गावाला आधी कळणार आणि तिला नंतर. हे कारण खोटं नव्हतं, पण मला ते सोयीचंही होतं.

ऑपरेशनला सात-आठ महिने झाले असतील. ओपीडीची सकाळ होती. दारात छकडा थांबला. आत कडबा पसरलेला, वर दोन वाकळी. त्यातून तुळशीरामनं बायकोला हाताला धरून उतरवलं. देवका चांगली भरली होती. हातात हिरव्या बांगड्या, अंगात नवी हिरवी चोळी. मी ओळखलं. चोरचोळी. दिवस गेलेल्या बाईची पहिल्या काही महिन्यांत गुपचूप ओटी भरतात, ती.

“यष्टीत हादरे बसतात म्हनून छकडा आनला,” तुळशीराम म्हणाला. त्याचं तोंड आनंदानं इतकं बदललं होतं की क्षणभर मी त्याला ओळखलंच नव्हतं.

देवका माझ्या कानाशी आली. “बाई, चार महिने झाले. बाहेर नाई झाली.”

पिशवी नसलेल्या बाईला पाळी येत नाही. कुठून येणार? पण पिशवी धुऊन परत ठेवलेली आहे, अशी जिची खात्री आहे, तिनं पाळी आली नाही तर काय समजायचं?

मी तिला तपासणीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. ती आपणहून टेबलावर चढली आणि बोलायला लागली. “पयले तीन महिने आलीच नाई. म्हनलं, धुतलेली हाय, वाळत असन. मंग तुमी सांगतलं तसं तीन महिने झाल्यावर... आन मंगबी नाई आली. सकायी उमासे येतात. हे पाहा ना पोट.”

पोट सुटलं होतं. ऑपरेशननंतर पोटभर जेवत होती, दुसरं काय. मी हात ठेवला नाही. तसं नाटकही करवेना.

“देवका, उठून बस.”

ती बसली.

“तुले दिवस गेले नाईत. जाऊ शकत नाईत. तुही पिशवी परत ठेवली नाई. काढली की परत ठेवता येत नाई. थे धुनं नव्हतं.”

तिला पहिल्यांदा ते ऐकूच आलं नाही, असं वाटलं. मी पुन्हा सांगितलं. मूल होणार नाही हे वाक्यही म्हटलं, पहिल्या दिवशी गाळलेलं.  

“घागर त रिकामी आली होती,” ती म्हणाली. मला खोटं पाडल्यासारखी.

“मी ओतली मोरीत.”

तिनं हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. मग तिनं मान वर केली.

“म्हंजे तुमाले तव्हाच माहित होतं. मी बोलली तव्हा.”

“हाव.”

“मंग काऊन नाई सांगतलं?”

“तू मरत होती देवका. सांगतलं असतं त तू उठून गेली असती. वर्षभराच्या आत मेली असती.”

“थे मी ठरोलं असतं,” ती म्हणाली.

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, रडली नाही. टेबलावरून उतरली. पदर घट्ट गुंडाळून घेतला, चोळी दिसणार नाही असा. “आता बाहीर जाऊन त्याइले तुमीच सांगा. मी नाई सांगत.” आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तुळशीराम बैलांना पाणी दाखवून आला होता. मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि सांगितलं. या वेळी एकही सोयीचा शब्द वापरला नाही. आधी त्याला वाटलं, मूल पोटातच गेलं. मी म्हटलं, नव्हतंच. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या खोट्यासकट. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं अंगावर धावून येईल. आला असता तर बरं झालं असतं.

“तिले सांगतलं?”

“हाव.”

“रडली का?”

“नाई.”

त्यानं आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. “कागदावर माहा अंगठा हाय ना?”

“हाय. पन तुले समजलं नव्हतं. चूक माही हाय तुळशीराम.”

“अंगठा त माहाच हाय,” तो म्हणाला. “मंग मीच देल्ली.”

मी पुष्कळ समजावलं. त्या दिवशी माझं समजावणं कोणी ऐकलं नाही, आणि का ऐकावं? तो आत गेला, बायकोला घेऊन आला आणि छकड्यात बसवलं. येताना बैल हळू चालवत आणले होते. जाताना त्यानं ते हाकलले.

ती जगली. पुढे बरीच वर्षं जगली, असं कानावर यायचं. तुळशीरामनं दुसरी केली नाही, असं कोणी सांगायचं. कोणी सांगायचं, केली, आणि देवकानंच ती आणली. खरं काय ते मी शोधलं नाही. ती पुन्हा आमच्या दवाखान्यात आली नाही. त्यांच्या गावचे लोक तापासाठीसुद्धा लांबच्या दवाखान्यात जायला लागले. आमच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘बरी होऊन घरी’ असा शेरा आहे. अक्षर माझं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक पद्धत ठेवली. पेशंटला समजावून झालं की विचारायचं, “आता मी काय सांगितलं ते तू मला सांग.” वेळ जातो. बाहेर रांग वाढते. डॉक्टर चिडतात. नव्या नर्सेस माझ्यामागे माझी नक्कल करायच्या, तेही मला माहीत होतं. पण बायकांनी जे सांगितलं ते ऐकून कितीदा अंगावर काटा आला. पिशवी धुणं हा शब्द मी वॉर्डातून बंद केला. मूल होणार नाही हे वाक्य मी आधी म्हणायचे, मग बाकीचं.

ते ऐकून काही जणी उठून घरी गेल्या. त्यातली एक तीन महिन्यांत मेली. मी तिला सगळं खरं सांगितलं होतं आणि तिनं स्वतः ठरवलं होतं. तिचं नाव मला आज आठवत नाही. देवकाचं आठवतं.